जिमखान्यातून स्कूबा डायव्हिंग शिकावे का? एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

मुंबईतील एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने यंदा जिमखान्यांमार्फत स्कूबा डायव्हिंगचा अभ्यासक्रम जाहीर केला आहे. पावसाळ्यात वर्गातील तास, त्यानंतर सहा आठवडे तलावातील सराव आणि शेवटी मालवणला समुद्रातील चार डाइव्ह, असा त्याचा आराखडा आहे. मैत्रिणींचे म्हणणे असे की समुद्रकिनारी जाऊन हेच प्रमाणपत्र चार दिवसांत मिळते, मग चार महिने कशाला घालवायचे? शिवाय पोहणे जेमतेम येते, आणि लहानपणी दमा होता. तो गेली आठ-नऊ वर्षे त्रास देत नाही, तरी फॉर्ममध्ये लिहावा का, आणि लिहिला तर प्रवेश नाकारतील का, अशी त्यांना धास्ती आहे.

मी गेली सतरा वर्षे मुंबईत डायव्हिंग शिकवतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक काळ महाविद्यालयीन तुकड्यांबरोबर गेला आहे. माझे उत्तर असे की प्रवेश जरूर घ्या, दमा नक्की लिहा, आणि ज्या चार महिन्यांविषयी मैत्रिणी शंका घेत आहेत ते चार महिने हीच या अभ्यासक्रमाची खरी किंमत आहे असे समजा. चार दिवसांचा अभ्यासक्रम खोटा असतो असे मी म्हणणार नाही. चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तोही नीट होतो. परंतु पाण्याखाली घाबरल्यावर शरीर जे करते ते बदलायला दिवस लागतात, आणि ते दिवस सुट्टीच्या सहलीत मिळत नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. मालवण-तारकर्लीला हजारो पर्यटक जी ‘स्कूबा’ करतात, तिच्यात आणि तुम्ही जे शिकणार आहात त्यात मूलभूत फरक आहे. पर्यटकाला किनाऱ्यावर किंवा होडीवर काही मिनिटे माहिती देतात, साहित्य चढवतात आणि प्रशिक्षक त्याला मागून धरून उथळ पाण्यात फिरवून आणतो. किती खोल जायचे, किती हवा उरली आहे, वर कधी यायचे, हे सर्व प्रशिक्षक ठरवतो आणि पर्यटक फक्त श्वास घेतो. हा अनुभव वाईट नाही. माझे कितीतरी विद्यार्थी त्याच्यामुळेच या वाटेला लागले. मात्र ओपन वॉटर डायव्हर हे प्रमाणपत्र मिळाल्यावर तुम्ही प्रशिक्षकाविना, आपल्यासारख्याच एका जोडीदारासह, 18 मीटरपर्यंत उतरण्यास पात्र ठरता. आंतरराष्ट्रीय मानकांत या पातळीला ‘स्वायत्त डायव्हर’ म्हणतात (आयएसओ 24801-2). त्या क्षणापासून तुमच्या हवेचा हिशेब तुम्हीच ठेवायचा असतो, आणि जोडीदाराची हवा संपली तर त्याला आपल्या सिलिंडरमधून श्वास देत वर आणण्याची जबाबदारीही तुमचीच असते. चार दिवस पुरेसे आहेत की चार महिने, याचा विचार हे डोळ्यांसमोर ठेवून करावा.

महाविद्यालयीन परिसरात डायव्हिंग शिकवण्याची प्रथा नवी नाही. नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये फ्रान्समध्ये मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर तयार केला, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत संशोधक व विद्यार्थ्यांसाठी शिस्तबद्ध प्रशिक्षण सुरू झाले. आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत संपूर्ण सत्रभर, आठवड्यातून एक-दोनदा, विद्यापीठाच्याच तलावात स्कूबा शिकवतात. आपल्याकडे या पद्धतीला ऋतूचीही साथ आहे. जूनमध्ये महाविद्यालय सुरू होते तेव्हा कोकणचा समुद्र बंद असतो, आणि नारळी पौर्णिमा उलटून पाणी निवळू लागेपर्यंत वर्गाचे व तलावाचे काम करण्याखेरीज दुसरे काही करता येत नाही. म्हणजे जो काळ एरवी वाट पाहण्यात गेला असता तो शिकण्यात जातो.

आता पोहण्याविषयी. बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नियमांनुसार सलग 200 मीटर पोहता यावे लागते किंवा मास्क (डोळे-नाक झाकणारी काच), फिन्स (पायांत घालायची वल्ही) आणि स्नॉर्कल (श्वास घेण्याची नळी) लावून 300 मीटर, आणि त्याशिवाय दहा मिनिटे काहीही न धरता पाण्यावर तरंगता यावे लागते. 200 मीटरना वेळेची मर्यादा नाही आणि कोणत्या पद्धतीने पोहायचे याचेही बंधन नाही. जेमतेम पोहणारी व्यक्ती महापालिकेच्या तलावात दीड-दोन महिने नियमित गेली तर हे सहज जमते. माझा अनुभव असा की 200 मीटरची भीती सर्वांना वाटते, पण खरी कसोटी दहा मिनिटांच्या तरंगण्यात लागते. वेगाने चार-सहा फेऱ्या मारणारी मुले पाचव्या मिनिटाला हातपाय झाडू लागतात, कारण पाण्यात काहीही न करता शांत राहण्याची त्यांना सवय नसते. तेव्हा आतापासून रोज पोहून झाल्यावर पाठीवर निवांत पडून राहण्याचा सराव ठेवा.

उत्तम पोहणाऱ्यांबाबत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. पोहताना चेहरा पाण्यात गेला की श्वास रोखायचा, हे त्यांच्या अंगात वर्षानुवर्षे मुरलेले असते, आणि स्कूबाचा पहिला नियम नेमका त्याच्या उलट आहे. येथे श्वास कधीही, एका क्षणासाठीही, रोखायचा नाही. याचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण या खेळातील सर्वांत गंभीर इजा याच एका चुकीतून होते.

समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्यावर हवेचा साधारण एक बार दाब असतो. समुद्रात दर 10 मीटर खाली गेले की त्यात आणखी एका बारची भर पडते, म्हणून 10 मीटरवर दाब दोन बार, 20 मीटरवर तीन बार आणि 30 मीटरवर चार बार होतो. दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते, हा बॉइलचा नियम तुम्ही अकरावीत शिकला असाल. रेग्युलेटर तुम्हाला आसपासच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देतो, म्हणून 10 मीटरवर छाती भरून श्वास घेतला तर फुप्फुसांत नेहमीपेक्षा दुप्पट हवा सामावते. तीच हवा रोखून तुम्ही वर आलात तर ती दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुसे तेवढी ताणली जाऊ शकत नाहीत. ती फाटतात, आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. दाबातील सर्वांत मोठा प्रमाणशीर बदल वरच्या थरातच होतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तलावाच्या 3 मीटर खोल टोकाला भरलेली छाती रोखून वर येण्यातही हवा सुमारे 30 टक्के फुगते, आणि इजा होण्यास एवढे पुरे आहे. म्हणून तलावातील सराव म्हणजे खेळ आणि समुद्रातील डाइव्ह म्हणजे खरे काम, असा भेद मी माझ्या तुकडीत कधी करू देत नाही. तोंडात रेग्युलेटर नसेल त्या प्रत्येक क्षणी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावे लागते.

कानांचेही शास्त्र हेच आहे, फक्त दिशा उलटी. खाली जाताना कानाच्या पडद्यामागची हवा आकुंचन पावते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले किंवा आवंढा गिळला की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब समान होतो. हे दुखू लागण्याच्या आधीच, पहिल्या अर्ध्या मीटरपासून, दर हातभर अंतरावर करायचे असते. दुखू लागल्यावर जोर लावून फुंकणे ही घातक चूक आहे. अशा वेळी थोडे वर यावे, कान मोकळे करावेत आणि मग पुन्हा सावकाश उतरावे. काहींचे कान पहिल्याच दिवशी सहज सुटतात, काहींना तीन आठवडे लागतात, आणि याचा हुशारीशी काहीही संबंध नाही. तलावातील सहा आठवड्यांच्या सरावात अशा मुलाला वेळ देता येतो. चार दिवसांच्या सहलीत मात्र होडी सुटलेली असते, पैसे भरलेले असतात, सोबतचे खाली पोहोचलेले असतात, आणि तो मुलगा दुखऱ्या कानाने खाली ढकलला जातो. सर्दी असेल तर पाण्यात उतरू नये, आणि सर्दी दाबणारी गोळी घेऊन तर मुळीच उतरू नये, कारण तिचा परिणाम पाण्याखाली ओसरला तर फुगणारी हवा कानात अडकते आणि वर येणे कठीण होते.

मास्कविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण बहुतेकांची भीती तेथे असते. मास्कमध्ये पाणी शिरणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ते काढण्याची कृतीही सोपी आहे: मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, नजर किंचित वर करायची आणि नाकातून सावकाश श्वास सोडायचा. अडचण कृतीत नसून नाकपुड्यांना पाणी लागताच शरीराला जो झटका बसतो त्यात आहे. नाकाशी पाणी असताना तोंडाने शांतपणे श्वास घेत राहणे हे मुद्दाम शिकावे लागते, आणि ते समजावून सांगून येत नाही, पुन्हा पुन्हा करून येते.

सुमारे दहा वर्षांपूर्वीचा एक प्रसंग मी कधी विसरलो नाही. एका महाविद्यालयाच्या परीक्षांच्या तारखा पुढे सरकल्या, तलावातील ठरलेल्या सत्रांपैकी शेवटची दोन रद्द झाली आणि मालवणचे आरक्षण आधीच झालेले होते. तुकडी चांगली होती, म्हणून उरलेली कौशल्ये एकाच दिवसात उरकण्यास मी संमती दिली. तो निर्णय माझा होता आणि तो चुकीचा होता. दुसऱ्या डाइव्हला 6 मीटरवर मास्कमध्ये पाणी भरून काढण्याचा सराव करताना एका विद्यार्थिनीच्या नाकात पाणी गेले, तिने मास्क ओरबाडला आणि ती वर झेपावली. मी तिचा बीसीडी, म्हणजे हवा भरून-सोडून तरंगणे सांभाळणारे जाकीट, धरला आणि वर येण्याचा वेग कमी केला. त्या गोंधळातही ती किंचाळत होती, म्हणजे श्वास सोडत होती, आणि त्यामुळे तिला इजा झाली नाही. तलावात तिने तीच कृती तीनदा केली होती, वीसदा करायला हवी होती. त्यानंतर मी एक नियम केला: तलावाचे एकही सत्र चुकले तर समुद्राची तारीख पुढे जाते, मग आरक्षणाचे पैसे गेले तरी चालतील. तुमच्या आयोजकांनाही हा प्रश्न आधीच विचारा की सत्र चुकले तर ते काय करतात.

हवेच्या हिशेबाकडे वळतो. वर्तमानपत्रांपासून होडीवाल्यांपर्यंत सगळे ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात, पण त्या सिलिंडरमध्ये आपण आता घेत आहोत तीच हवा असते, सुमारे 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी मुख्यतः नायट्रोजन, फक्त गाळून 200 बारपर्यंत दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सुमारे 6 मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो आणि पाण्याखाली झटके येऊ शकतात, म्हणून हा केवळ शब्दांचा घोळ नाही. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची आतील क्षमता सुमारे 11 लिटर असते, तेव्हा 200 बारला त्यात साधारण 2200 लिटर हवा मावते. शिकाऊ डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर हवा वापरतो असे धरले, तर 10 मीटरवर दाब दुप्पट असल्याने तो 40 लिटर वापरेल. 50 बार राखीव ठेवायचे म्हणजे हाताशी 1650 लिटर उरतात, अर्थात सुमारे 40 मिनिटे. 20 मीटरवर तीच हवा 27-28 मिनिटांत संपेल. हे गणित एकदा वहीत स्वतः मांडून पाहा. ज्याने ते मांडलेले असते तो विद्यार्थी पाण्याखाली उरलेल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजकडे आपणहून बघतो, त्याला खुणा कराव्या लागत नाहीत.

हवा कमी वापरण्याचा आणि एकंदरीत चांगले डायव्हर होण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पाण्यात अधांतरी स्थिर राहता येणे. खाली जाण्यासाठी अंगावर लावायची वजने अचूक घ्यावीत आणि बीसीडीत हवा अगदी थोडी भरावी किंवा सोडावी. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, एवढ्याच हालचालीवर पाण्याच्या मध्यभागी तरंगता यावे. तलावात मी शेवटची दोन सत्रे जवळजवळ पूर्णपणे यालाच देतो. ज्याला हे येत नाही तो हातांनी वल्हवत राहतो, दमतो, हवा संपवतो आणि समुद्रात गेल्यावर तळाच्या प्रवाळावर फिन्स आपटतो. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवरील प्रवाळ त्याच परिसरात आहे, आणि ते अतिशय सावकाश वाढते. त्यावर उभे राहून छायाचित्र काढणारे आणि माशांना बिस्किटे चारणारे पर्यटक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते. विद्यापीठातून शिकून गेलेल्या मुलांनी तरी हे करू नये, अशी माझी अपेक्षा असते.

तलावातून समुद्रात जाताना दोन गोष्टी बदलतात. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे साहित्यासह 80 किलो भरणाऱ्या व्यक्तीला तेथे सुमारे 2 किलो जास्त वजन लावावे लागते. तलावातील आकडा तसाच नेला तर खाली जाताच येत नाही आणि मुले उगाच घाबरतात. दुसरी गोष्ट पाण्याचा गढूळपणा. तलावात या टोकाचे त्या टोकाला दिसते. कोकणात पाच-सात मीटर दिसले तर आम्ही दिवस बरा म्हणतो. जोडीदार दोन हात दूर गेला तर तो धूसर होतो, हे आधी माहीत असेल तर धक्का बसत नाही. समुद्रातील डाइव्ह दिवाळीच्या सुट्टीत ठरवल्या आणि दिवाळी ऑक्टोबरमध्ये लवकर आली तर पाणी पुरते निवळलेले नसण्याची शक्यता असते. तुमच्या आयोजकांना सत्रपरीक्षेनंतर, डिसेंबर-जानेवारीत जाणे शक्य असेल तर मी तेच सुचवीन.

मुंबईत एवढा समुद्र असताना मालवणला कशाला जायचे, असेही पालक विचारतात. खाड्यांतून येणारा गाळ आणि भरती-ओहोटीतील मोठा फरक यांमुळे येथील पाण्यात बहुतेक वेळा स्वतःचा पसरलेला हात दिसणे कठीण होते, आणि नवशिक्याला अशा पाण्यात नेणे योग्य नाही. याचा अर्थ येथे जीवसृष्टी नाही असा मात्र नाही. किनारी रस्त्याच्या कामावेळी, 2020 मध्ये, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरील प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या. आपल्या दाराशी प्रवाळ आहे, ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच तासाला सांगतो.

प्रवेश घेण्यापूर्वी जिमखान्याच्या प्राध्यापकांकडून काही माहिती मागून घ्या. शिकवणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षकपद कोणत्या संस्थेचे आहे आणि ते चालू वर्षासाठी नूतनीकरण केलेले आहे का, हे संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून तपासता येते. समुद्रात एका प्रशिक्षकामागे आठपर्यंत विद्यार्थी नेण्यास नियम परवानगी देतात, परंतु कोकणातील गढूळ पाण्यात मी चारच्या वर नेत नाही, आणि तुमच्या आयोजकांचा आकडा सहाच्या पुढे असेल तर कारण विचारावे. सिलिंडरच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख कोरलेली असते, ती वाचायला शिका. आपल्या देशात सिलिंडरचे नियमन नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही केंद्रीय संस्था करते. होडीवर प्राणवायूची आपत्कालीन पेटी आहे का आणि ती वापरायला कोणाला येते, हा प्रश्न जरूर विचारा. हवा भरलेले सिलिंडर आणि ही पेटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि बुडबुड्यांमुळे होणाऱ्या आजारात पहिला उपचार म्हणून शुद्ध ऑक्सिजनच द्यायचा असतो. जवळचा दाबकक्ष (या आजारावर वाढीव दाबाखाली उपचार करण्याची खोली) कोठे आहे आणि तेथवर रुग्ण कसा न्यायचा, याचा लेखी आराखडा आयोजकांकडे असायला हवा. शुल्कात तलावाचे भाडे, साहित्य, प्रमाणपत्राची फी, होडी आणि विमा यांपैकी काय धरलेले आहे हेही लेखी घ्या, कारण वाद बहुतेक वेळा यावरूनच होतात.

तुमच्या दम्याचा विषय मी शेवटाकडे ठेवला, कारण वरचे सारे वाचल्यावर तो अधिक नीट कळतो. दम्यात फुप्फुसातील बारीक नळ्या आकुंचन पावतात आणि त्यांच्यामागे हवा अडकू शकते. वर येताना ती अडकलेली हवा फुगते, म्हणजे श्वास न रोखताही श्वास रोखल्यासारखी स्थिती फुप्फुसाच्या एखाद्या भागात निर्माण होऊ शकते. त्यातच सिलिंडरमधील हवा कोरडी व थंड असते, आणि दमा चाळवण्यास एवढे निमित्त पुरते. म्हणून वैद्यकीय फॉर्ममध्ये हा प्रश्न असतो. तेथे ‘होय’ लिहिले म्हणजे प्रवेश नाकारला असे होत नाही. ‘होय’ लिहिल्यावर डॉक्टरांची तपासणी आणि सही लागते, एवढेच. छातीरोगतज्ज्ञ स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी) करतील, बहुधा व्यायामानंतर पुन्हा करतील, आणि निकाल पाहून ठरवतील. लहानपणीचा दमा पूर्ण गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांना मी शिकवले आहे, आणि तपासणीत अडथळा दिसल्यामुळे तिघांना परतही पाठवले आहे. त्या तिघांचा हिरमोड मला आजही आठवतो, पण तो निर्णय बरोबर होता. ‘नाही’ लिहून आत येणारा विद्यार्थी स्वतःबरोबर आपल्या जोडीदारालाही धोक्यात घालतो. हेच फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया आणि छातीत हवा साठून फुप्फुस बसण्याचा पूर्वेतिहास यांनाही लागू आहे.

जोडीदाराचा उल्लेख झाला म्हणून सांगतो, महाविद्यालयीन तुकडीचा मला वाटणारा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. तुम्ही सहा आठवडे एकाच व्यक्तीबरोबर साहित्य जोडता, एकमेकींचे पट्टे तपासता आणि हवा वाटून घेण्याचा सराव करता. ती घाबरली की डोळे कसे होतात हे तुम्हाला मास्कच्या काचेतून ओळखता येऊ लागते. सहलीवर ज्याचे नावही नीट ठाऊक नाही अशा जोडीदारासोबत हे शक्य नसते. खुणांचा सरावही असाच पक्का होतो. आपल्याकडे अंगठा वर केला की ‘छान’ असा अर्थ होतो, आणि पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. पहिल्या दोन आठवड्यांत अर्धी तुकडी आनंदाने अंगठे दाखवते आणि मी प्रत्येकाला खरोखर वर घेऊन येतो. तिसऱ्या आठवड्यात कोणी चुकत नाही.

मालवणच्या प्रवासाबाबत एक-दोन सूचना देतो. रात्रभर बसमध्ये न झोपता जाऊन सकाळी होडीत बसू नये. एक दिवस आधी पोहोचावे, भरपूर पाणी प्यावे, आणि डाइव्हच्या आदल्या रात्री मद्य वर्ज्य ठेवावे. परतीचा विचार तर त्याहून महत्त्वाचा आहे. पाण्याखाली दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. लगेच उंचीवर गेल्यास बाहेरचा दाब घटतो आणि बुडबुडे तयार होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह झाल्या असतील तर किमान 18 तास विमानप्रवास करू नये, असे सांगतात. विमानाचे सर्वांना माहीत असते, घाटाचे नसते. हे निकष साधारण 600 मीटरच्या पुढच्या उंचीसाठी आहेत आणि आंबोली सुमारे 700 मीटरवर आहे. दुपारी समुद्रातून बाहेर पडून संध्याकाळी आंबोलीमार्गे बेळगावकडे किंवा कोल्हापूरकडे निघालेली मुले मी पाहिली आहेत. तुम्ही कुडाळहून तुतारी एक्सप्रेसने दादरला आलात तर सगळा मार्ग कोकणपट्टीतूनच जातो आणि हा प्रश्न उद्भवत नाही.

आता तुमच्यापुढचे काम. बहुतेक ठिकाणी वैद्यकीय फॉर्म तलावाच्या पहिल्या सत्रापूर्वी द्यावा लागतो, आणि छातीरोगतज्ज्ञांची वेळ मिळण्यास, तपासण्या होण्यास आणि सही हाती येण्यास दोन-तीन आठवडे सहज जातात. म्हणून प्रवेशाची फी भरण्याआधी याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या, संस्थेचा छापील वैद्यकीय फॉर्म आणि लहानपणीचे कागद असतील तर ते सोबत न्या, आणि शेवटचा दम्याचा त्रास कधी झाला होता हे आईला विचारून तारखेनिशी लिहून ठेवा.